कणकेचं कुलूप

परवा गोहलपूरला जाताना पेटी माझ्या मांडीवर होती आणि ऑटोवाला आरशातून तिच्याकडे बघत होता. निदान मला तसं वाटलं. मी ओढणीचं टोक कुलपावर टाकलं. आमच्या नेपियर टाउनमधल्या दवाखान्यांच्या आणि कोचिंग क्लासेसच्या पाट्या मागे पडल्यावर तो म्हणाला, "मैडम, सामान नीचे रख लीजिए, आराम से बैठिए." मी म्हटलं, "नहीं भैया, ठीक है." आमच्या घरातली माणसं अशीच प्रवास करतात. सामान पायाशी ठेवत नाहीत.

पेटी साधी पत्र्याची, दप्तराएवढी. तिच्यात बाबांच्या नोकरीचे आणि पेन्शनचे कागद आहेत. दर नोव्हेंबरात सरकारला संशय येतो की बाबा जिवंत नसतील, आणि बाबांना जाऊन आपण आहोत असं दाखवून यावं लागतं. या वर्षी ते कागद काढायला गेले तर किल्ली सापडेना. तीन दिवस घर उलटंपालटं झालं. चौथ्या दिवशी बाबांनी खाली बघत सांगितलं की दुसरी किल्ली आहे, पण ती पेटीतच आहे.

आई मटार सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "पेटीची चाबी पेटीच्या आत! वा जी वा. चोर बिचारा बाहेरच बसून राहीन."

"हसून काहून राहिली? सगळ्यात सुरक्षित जागा तेच होती," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, खाली चौकात मशीनवर किल्ल्या करणारा आहे, त्याच्याकडे नेते. बाबांनी मान हलवली.

"तो झाकण उघडून आत पाहते. माझे गुडघे चालले असते तं मीच गेलो असतो. तू गोहलपूरले जा. वहीदकडे."

आईच्या हातातली शेंग तिथेच थांबली. वहीद हे नाव आमच्या घरात पंधरा वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं.

*

आमचं शहर हिंदी बोलणारं, म्हणून कुलूप हा शब्द मी घराबाहेर कधी वापरला नाही. शाळेत आम्ही लॉक म्हणायचो, गल्लीत ताला. कुलूप फक्त आईबाबांचं. शाळेच्या बसमध्ये एकदा माझ्या तोंडून तो निसटला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली हसल्या होत्या. "क्या बोला? कुलूप? फिर से बोल ना!" मी परत बोलले नाही. त्या दिवसापासून मी मराठी दार लावून बोलायला लागले.

मोठी झाल्यावर मी या शब्दाच्या मागावर गेले, बरीचशी संशयानं. कारण एवढ्या मुली ज्याला हसतात तो शब्द कुठूनतरी चोरून आणलेला असणार असं मला वाटायचं. एका जुन्या कोशात सापडलं की तो अरबी 'कुफ्ल'मधून आला. फारसीत तोच, उर्दूत तोच. बंगाली माणूसही कुलुप म्हणतो. समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला कुफुली म्हणतात. काही जण आणखी मागे जातात, लॅटिनमधल्या दोन गोष्टींना जोडणाऱ्या बंधापर्यंत. तिथे माझा विश्वास डगमगतो. शब्दांच्या जन्मकथा लग्नाच्या स्थळांसारख्या असतात, फार जुळल्या की चौकशी करावी. पण हसणाऱ्या त्या मुली मला आठवल्या आणि वाटलं, तुम्ही ज्याला हसलात तो शब्द उंटांवरून आणि गलबतांतून आला होता, आणि तुम्ही बसमधून.

त्याच कोशात खाली आणखी एक ओळ होती. कुल्फी हीदेखील त्याच घरची. झाकण घट्ट बंद केलेल्या डब्यातली, म्हणून कुल्फी. ही ओळ वाचून कोणीही हसलं असतं. मला मात्र ओल्या कणकेचा आणि मिठाचा वास आला, आणि मी कोश मिटला.

*

मी लहान असताना आम्ही शहराच्या टोकाला, रांझीला राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. सकाळचा भोंगा वाजला की गल्लीतून सायकलींची नदी वाहायची. नुसत्या घंट्या, आणि सैल मडगार्डांचा खडखडाट. संध्याकाळी तीच नदी उलटी. बाबा भांडारात होते. रोज काम संपलं की भांडाराच्या दाराला कुलूप लागायचं, कुलपावर कापडाची पट्टी, पट्टीवर वितळलेली लाख, आणि लाखेवर शिक्का. ते बाबांचं काम. त्यांच्या बोटांना कायम लाखेचा वास असायचा, थोडा जळका, थोडा गोडसर. ते माझी वेणी घालायचे तेव्हा तो वास केसांत राहायचा आणि शाळेत बाकावरची मुलगी विचारायची, तुमच्याकडे पोळ्या करपतात का.

बाबांनी कारखाना घरी आणला होता. फ्रिजला कुलूप, फोनच्या तबकडीला छोटं कुलूप, साखरेच्या डब्याला नव्हतं पण साखरेची पातळी त्यांना ठाऊक असायची. उन्हाळ्यात भंडाऱ्याला आजोबांकडे निघालो की दाराच्या कुलपाभोवती कागदाची पट्टी डिंकानं चिकटवायची आणि तिच्यावर सही करायची. आणि कोणतंही कुलूप लावलं की तीन हिसके. पहिला जोरात, दुसरा त्याहून जोरात, तिसरा अगदी हळू. त्या तिसऱ्या हिसक्याचं मला लहानपणी फार कोडं वाटायचं. आता वाटतं, पहिले दोन चोरासाठी होते आणि तिसरा स्वतःसाठी.

मीही त्याच घरातली. माझ्या डायरीत मी पानांमध्ये एक केस ठेवायचे, कोणी उघडली तर कळावं म्हणून. अजून ठेवते.

वहीद चाचा बाजाराच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली बसायचे. एक मेज, त्यावर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि कानस. कानशीचा आवाज मला आवडायचा, दात शिवशिवले तरी. लोखंडाचा बारीक भुगा त्यांच्या भुवयांवर बसायचा आणि ऊन पडलं की ते म्हातारे सांताक्लॉजसारखे चमकायचे. बाबा जगात फार थोड्या माणसांना मानायचे, त्यांत ते एक. त्याला कारण होतं.

वहीद चाचा कुणाचंही बंद कुलूप उघडायचे, पण झाकण कधी उघडायचे नाहीत. पेटी असो, कपाट असो, खटका वाजला की ते हात काढून घ्यायचे, वस्तू मालकाच्या बाजूला वळवायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मालकानं "हो गया" म्हटल्याशिवाय वळायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना ते शिकवलं होतं. "ताला हमारा, ढक्कन आपका," ते म्हणायचे. आमच्या क्वार्टरमध्ये ते दोनदा आले होते. दोन्ही वेळा मी त्यांना पाठमोरं पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या इतकं जवळ नाक नेऊन उभे, जणू तिथी वाचताहेत.

त्यांचा भाऊ उन्हाळ्यात कुल्फी विकायचा. दुपारी त्याची हातगाडी कडुनिंबाखाली यायची. लाल फडकं गुंडाळलेला माठ, आत बर्फ आणि खडं मीठ, आणि त्यात खोचलेले पत्र्याचे निमुळते साचे. प्रत्येक साच्याच्या झाकणाभोवती कणकेची वळी लावलेली, खारं पाणी आत जाऊ नये म्हणून. चाचा ती कणीक अंगठ्याच्या नखानं उकलायचे. गार झालेली, करडी पडलेली कणीक टपकन मेजावर पडायची आणि चिमण्या यायच्या.

"देखो बिटिया," ते एकदा म्हणाले होते, "ये दुनिया का सबसे पक्का ताला है."

मी म्हटलं, "ये तो उँगली से खुल जाता है."

"तभी तो. जिसको खोलना है, खोले. पर खोलके फिर वैसा ही कोई लगा नहीं सकता."

बाबा बाजूला उभे होते. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी मला दोन कुल्फ्या घेऊन दिल्या. लाखेचं तत्त्वही तेच होतं.

*

मी दहा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात बाबांनी आईच्या कपाटासाठी चाचांकडून दुसरी किल्ली करून घेतली. पहिली माझ्या गळ्यात घातली, काळ्या दोऱ्यात. म्हणाले, आता तू मोठी झाली. मला ती किल्ली शाळेतल्या कुठल्याही पदकापेक्षा जड वाटली. दुसरी किल्ली चाचांनी दिली तशीच, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली, बाबांनी कुठेतरी ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी कपाटातून माझा फ्रॉक काढला. बाहेर हातगाडीची घंटी वाजली. कुलूप मी कोयंड्यात अडकवलं. खटका बसेपर्यंत दाबलं नाही. मागून लक्षात आलं, पण तोवर मी कडुनिंबाखाली होते आणि कुल्फी वितळत होती.

दोन दिवसांनी आईचं डोरलं सापडेना. तिच्या आईनं तिला दिलेलं, काळ्या पोतीत ओवलेलं, दोन छोट्या सोन्याच्या वाट्यांचं. आई आधी नुसती शोधत राहिली. मग बसली. मग उठून पुन्हा शोधलं. त्या दिवशी घरात वरण लागलं होतं आणि ते कोणी उतरवलं नाही, तो वास मला अजून ओळखू येतो. कपाटाला तर कुलूप होतं, ती म्हणत राहिली. कपाटाला तर कुलूप होतं.

संध्याकाळी नळावर ती शेजारणींना म्हणाली, "दुसरी चाबी तं त्यानंच बनवली होती ना. एक बनवली का दोन, कोणाले माहीत?" एवढंच. तिनं नावही घेतलं नव्हतं.

बाबा काही बोलले नाहीत. आठवड्यात घरातली सगळी कुलपं बदलली. माझ्या गळ्यातली किल्ली काढून घेतली, रागावून नव्हे, जसं झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढतात तसं. गल्लीत आता कोणाची किल्ली हरवली तर लोक कुलूपच तोडायचे. शाळा सुरू झाली तेव्हा कडुनिंबाखाली मेज नव्हतं. जमिनीवर लोखंडाचा भुगा मात्र पावसापर्यंत चमकत होता, आणि मी बसकडे जाताना त्याच्यावर पाय पडणार नाही असं चालायचे.

डोरलं कधीच मिळालं नाही. माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दूधवाल्यावर, आईच्या बहिणीवर, एका वर्षी तर खुद्द आईवर. ज्या एका गोष्टीबद्दल मला संशय नव्हता, खात्री होती, तीच मी पंधरा वर्षं कोणाला सांगितली नाही.

*

गोहलपुरात ऑटो आत जाईना. मी पेटी छातीशी धरून गल्लीत उतरले. दोन्ही बाजूंना कामाचा कल्लोळ, पत्रा ठोकणं, वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या, कुठेतरी शिलाई मशीनचा सलग आवाज. एका पानवाल्याला विचारलं. त्यानं मला, पेटीला, पुन्हा मला पाहिलं. "चाबी वाले? सीधे जाओ, हरा दरवाज़ा."

चाचा खूप लहान झाले होते. भुवया आता भुग्याशिवायच पांढऱ्या. त्यांनी मला ओळखलं नाही, पण पेटीवरचं कुलूप हातात घेतल्याबरोबर ओळखलं. ते आमच्या कपाटाचंच होतं. हे मला तोवर कळलं नव्हतं.

"अच्छा," ते म्हणाले. "रांझी वाले भाऊजी की बिटिया. इस साल गर्मी में वो आए नहीं. तबीयत तो ठीक है?"

"इस साल मतलब?"

"अरे, हर साल आते हैं. एक ताला लाते हैं. ताले में कोई ख़राबी नहीं होती. मैं तेल डाल देता हूँ, वो बैठके कुल्फी खाते हैं, चले जाते हैं."

मी पेटीकडे बघत राहिले. दर उन्हाळ्यात एका रविवारी बाबा 'जरा येतो' म्हणून जायचे. आई म्हणायची, कोणतं कुलूप सडून राहिलं यांचं दर वर्षी. मला वाटायचं, बाबांचं बाहेर काहीतरी आहे. तेव्हाही मी त्यांचे खिसे तपासले होते.

"बोलते क्या हैं?" मी विचारलं.

"कुछ नहीं. गर्मी बहुत है, बोलते हैं."

त्यांनी दोन बारीक आकडे घेतले, डोळे मिटले आणि कान कुलपाजवळ नेला. खटका वाजला. कुलूप कोयंड्यात तसंच लटकतं ठेवून त्यांनी पेटी माझ्याकडे वळवली, उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गुडघ्यांना त्रास होत असणार, कारण एक हात भिंतीवर टेकला. त्या हाताजवळ खिळ्याला पाच-सहा पत्र्याचे साचे लटकत होते, रिकामे, हिवाळ्यातले.

माणसाच्या पाठीशी बोलणं सोपं असतं. मी माझ्या शाळेतल्या हिंदीत म्हटलं, "चाचा, उस दिन अलमारी का ताला खुला था. मैंने लगाया नहीं था. मैंने किसी को नहीं बताया."

गल्लीत कोणीतरी पत्रा ठोकत होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"रांझी की वो जगह अच्छी थी," ते भिंतीलाच म्हणाले. "नीम की छाँव थी."

"आपको ग़ुस्सा नहीं आया?"

"आया. बहुत आया." मग ते वळले. माझ्या "हो गया"ची वाट न बघता वळलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "तुम पर नहीं. तुम तो दस साल की थीं, बिटिया. तुम्हारे पापा तो दस साल के नहीं थे."

मी झाकण उघडलं नाही. त्यांनी ते पाहिलं. चहा मागवला. मी तो प्यायले, आणि येताना पेटी ऑटोत पायाशी ठेवली.

*

बाबा बाल्कनीत खुर्चीवर होते. खालच्या क्लासमधली मुलं सुटली होती, स्कूटरांचा गोंधळ चालला होता. मी पेटी त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. कुलूप उघडं, लटकतं.

"आत पाहिलं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी ओळखते, भांडारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती मिळत असणार. मग मी तेच केलं जे सकाळी पाहिलं होतं. पेटी त्यांच्याकडे वळवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीला चुन्याचा वास येत होता. इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती.

"बाबा, त्या दिवशी कपाटाचं कुलूप मी लावलं नव्हतं. नुसतं अडकवलं होतं."

स्वयंपाकघरातल्या मटारच्या शेंगांचा आवाज थांबला. आई ऐकत होती.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "त्याच संध्याकाळी ओढून पाहिलं, तं पहिल्याच हिसक्यात हातात आलं. मग मीच दाबून लावलं."

मी भिंतीशीच उभी राहिले. तीन हिसके देणारा माणूस. हे मला पंधरा वर्षांत सुचायला हवं होतं.

"मग बोलले काहून नाही?"

"तुझं नाव बदनाम झालं असतं," ते म्हणाले. आणि मग, "त्याचं झालं."

आत शेंग पुन्हा फुटली, पण एकच. मला वाटतं, आई नळावरचं आपलं वाक्य आठवत होती.

झाकणाची बिजागरी कुरकुरली. डांबरगोळ्यांचा वास आला, जुन्या कागदांचा, आणि त्याखाली, अगदी पुसट, लाखेचा. कागद सरकवल्याचे आवाज झाले. मग बाबांनी मला हाक मारली आणि मी वळले. त्यांच्या तळव्यावर वर्तमानपत्राचा पिवळा तुकडा होता. आत करकरीत नवी किल्ली. दात अजून कानशीचे, धारदार. ती एकदाही कुठल्या कुलपात गेली नव्हती.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले.

त्यांनी पेन्शनचे कागद बाजूला काढले, झाकण लावलं, कुलूप दाबलं. खटका वाजला. मी सवयीनं हिसके मोजायला थांबले. बाबांचे दोन्ही हात मांडीवरच होते. खाली शेवटची स्कूटर निघून गेली.

"उन्हाळा लागला का मले घेऊन चल गोहलपूरले," ते म्हणाले. "ऑटोनं जाऊ."

"कोणतं कुलूप न्यायचं?"

"कोणतंच नाही," बाबा म्हणाले.